आरोपी जोकेलमामा

सँ-लुई, मुलींचं वसतिगृह
९ मार्च १९९७

प्रिय मामा,

आधी पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय रागवायचं ते रागव. कबूल? तर ऐक. तुझं नाव भिंतीवरच्या जाहिरातीत छापून झालंय.

आमच्या विद्यापीठात मे महिन्यात संस्कृती-सप्ताह असतो, मागे लिहिलं होतं बघ. सगळा कारभार पोरापोरींचाच. प्राध्यापक मंडळी फक्त पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात आणि मासे-भातावर सगळ्यांच्या आधी तुटून पडतात. कुस्त्या असतात, ढोल असतात, उत्तरेकडच्या पुलार पोरी वेण्या घालून देतात, दक्षिणेकडची जोला पोरं झाडाआड ताडी विकतात आणि फळांचा रस म्हणून सांगतात. पण खरी गर्दी होते शेवटच्या दुपारी, खटल्याला. एका वर्षी आपण सेरेर लोक जोलांच्या एखाद्या म्हाताऱ्याला आरोपी म्हणून उभं करतो, हा आमचा पळालेला गुलाम आहे म्हणून. पुढच्या वर्षी ते आपल्यातल्या एकाला उभं करतात. दोन बहिणींची एक होडी फुटली, एक तिकडे लागली, एक इकडे, एकीची लेकरं ते नि दुसरीची आपण, तेव्हापासून त्यांनी आपल्याला शिव्या द्यायच्या नि आपण त्यांना, आणि रागवायची कुणाची टाप नाही! अट एकच, म्हातारा खरा हवा, गावाकडून आणलेला. कारण गेल्या वर्षी जोलांनी रसायनशास्त्राच्या एका पोराला कापसाची दाढी डकवून आणलं, आणि दाढी रश्शात पडली.

यंदा पाळी आपली. आणि सेरेर मंडळाची अध्यक्ष कोण? तुझी भाची! मी भर सभेत छाती ठोकून सांगितलं, माझ्या मामाने अख्खं आयुष्य डाकार ते फातिक टॅक्सी हाकली, त्या रस्त्यावरच्या एकाही पोलिसाने आणि एकाही जोलाने त्याला शब्दात पकडलेलं नाही. सगळ्यांनी बाकं बडवली. आता माघार घेतलीस तर माझं नाक कापलं जाईल.

१० मे, शनिवार, दुपारी. मधल्या वाईट दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही. मला काय वाटतं ते तुला ठाऊक आहे.

तुझी तेनिंग


म्बिन-न्दोंग
२१ मार्च

चि. तेनिंग,

पत्र पोचलं. तू अध्यक्ष झालीस हे वाचून आनंद झाला. मला येणं जमणार नाही. त्याबद्दल क्षमस्व.

पावसाआधी शेतं साफ करायची आहेत. गुडघाही दुखतो. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बोलाव. बोलणारी माणसं पुष्कळ आहेत.

माझी काळजी करू नकोस. गावातले सगळे मला फार जपतात. मी रस्त्याने निघालो की विहिरीवरच्या बाया आवाज खाली करतात. पोरं चेंडू धरून ठेवतात. बाजारातला तो जोला तेलवाला आठवतो ना? इतकी वर्षं 'ए गुलामा' म्हटल्याशिवाय त्याने मला कधी तेल मोजून दिलं नाही. तोसुद्धा आता टोपी काढून तब्येत विचारतो. चांगली माणसं आहेत. तक्रारीला जागा नाही.

घरात शांतता असते. अभ्यास कर. जेवण चुकवू नकोस.

तुझा मामा
जोकेल न्गोम


सँ-लुई
३० मार्च

मामा,

तुझं पत्र वाचलं, परत वाचलं, मग पाकीट उलटं करून झटकलं, एखादी शिवी आत अडकून राहिली असेल म्हणून. काही पडलं नाही. 'क्षमस्व'? तू? माझ्या बारशाला मला हातात घेऊन 'ही पोर आहे की शेंगांचं पोतं' म्हणणारा तू? अरे, तू सरकारी कचेरीतून पत्र टाकल्यासारखं लिहायला लागलास!

आईला डाकारला फोन केला. ती रडली. म्हणाली, 'माझा भाऊ कुणाशी भांडला तर मला झोप लागते, तो नमस्कार करायला लागला की उडते.'

खटला गेला उडत. दुसरा म्हातारा मिळेल मला. पण मामीपाठोपाठ तूही गेलास असं धरून चालू का मी? स्पष्ट विचारते, कारण मला भीती वाटते. मी गावी आले की दारातूनच तू माझी खोड काढायचास, ते ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटायचं. आता गावी मी कुणाकडे येऊ?

जोलांचा चिटणीस तुला रीतसर आमंत्रण धाडेल. अन्सुमाना सांबू. सगळ्या जोलांसारखा भातखाऊ आहे, पण अक्षर बरं आहे. निदान त्याला तरी उत्तर दे.

तेनिंग


(चिठ्ठी, मुलांच्या वसतिगृहात दाराखालून सरकवलेली. तारीख तीच.)

ए सांबू, ए तांदळाच्या किड्या,

मामाला आज-उद्यात पत्र लिही. पण जीभ आवरून. गुडघ्यावरून बोलू नकोस, वयावरून बोलू नकोस, आणि माझ्या मामीचं तर नावच काढू नकोस. गेल्या पावसाळ्यात गेली ती. जखम अजून ओली आहे. तुम्हा लोकांना कुठे थांबावं ते कळत नाही म्हणून आधीच बजावते. नीट लिहिलंस तर दोन दिवस तुला माणूस म्हणेन.

तेनिंग


सँ-लुई
६ एप्रिल

आदरणीय श्री. जोकेल न्गोम यांसी,

आपल्यासारखी ज्येष्ठ व्यक्ती आमच्या खटल्यास आरोपी म्हणून लाभावी, अशी आम्हा सर्व जोला विद्यार्थ्यांची नम्र इच्छा आहे. आपण आमचे गुलाम आहात (हा शब्द केवळ रूढीनुसार वापरला आहे, कृपया गैरसमज नसावा). आपल्या प्रकृतीस झेपेल अशी बसण्याची सोय करण्यात येईल. येण्याजाण्याचा त्रास होणार असल्यास तसे निःसंकोच कळवावे.

आपला नम्र,
अन्सुमाना सांबू
चिटणीस, जोला विद्यार्थी मंडळ


म्बिन-न्दोंग
१५ एप्रिल

सांबूच्या पोरा,

हे पत्र आहे की लस टोचायची सूचना? जोला माणूस सेरेर माणसाला 'आदरणीय' लिहितो? 'कृपया गैरसमज नसावा'? तुझ्या आजोबांनी हे वाचलं तर ताडावरून खाली पडतील. मी पत्र शेजारच्या शाळामास्तराला दाखवलं, तो म्हणाला, शिकलेला मुलगा दिसतो. मी म्हटलं, शिकलेला कसला, बांधलेला दिसतो. कुणीतरी थोबाड बांधलंय त्याचं. आणि बांधणारी कोण तेही मला कळतं, तिला मी खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं आहे.

तुला खरं सांगतो. तू परका आहेस म्हणून सांगता येतं. माझी बायको दिबोर ऑगस्टात गेली. रस्ता पाण्याखाली होता, बाहेरून कुणाला येता आलं नाही. आमच्याकडे माणूस गेलं की जोला येतात, मयताच्या खाटेवर आडवे होतात, त्याच्यासारखं खोकून दाखवतात, खड्ड्यात उतरून बसतात आणि काहीतरी उकळल्याशिवाय पुरू देत नाहीत. रडणारी माणसं मग हसतात, हसून झालं की नीट रडतात. माझ्या बापाच्या वेळी एका जोलाने त्याचीच काठी घेऊन मला बदडलं होतं. दिबोरच्या वेळी सगळ्या गावात जोला एकच, तो बाजारातला तेलवाला. तो कुंपणाशी उभा राहून ढसाढसा रडत राहिला. रडत! ज्याचं काम अडवायचं, तोच रडायला लागला. मग दिबोरला उचलली आणि नेली.

तेव्हापासून सगळे माझ्याशी हळू बोलतात. आता तूही. पत्र लिहायचे कष्ट पुन्हा घेऊ नकोस. मी येणार नाही.

जोकेल न्गोम


सँ-लुई
२२ एप्रिल

ए जोकेल, ए गुलामा,

उभा राहून वाच. मालकाचं पत्र आहे.

तुझं पत्र मी आमच्या सगळ्या जोला पोरांना वाचून दाखवलं. आम्ही माना खाली घातल्या. माझी चूक झाली ती एवढीच, की मी एका सेरेर पोरीचं ऐकलं. असं पुन्हा होणार नाही.

आता कामाचं बोलू. दिबोर कुणाची? आमची. होडीतून उडी मारून पळालेल्या बहिणीची नात ती, म्हणजे आमच्या घरची. तुला काही वर्षं उसनी दिली होती. आणि तू काय केलंस? हरवलीस! मालकाला न विचारता ती मेलीच कशी? रजा कुणाकडे मागितली? तेनिंग म्हणते, तिचा भात रोज बुडाला लागायचा. जन्मभर करपलेलं खाऊन तू ठणठणीत राहिलास, यावरूनच गुलामाचं पोट ओळखावं. आणि घोरायची म्हणे अशी, की गोठ्यातलं गाढव तिला उत्तर द्यायचं. अशी बाई आमच्या डोळ्यांदेखत खड्ड्यात न उतरता परस्पर निघून जाते? ते पुरणं आम्ही मानत नाही. आमच्या लेखी दिबोर अजून तुझ्या अंगणातच पडून आहे.

१० मेला दुपारी हजर हो आणि जाब दे. तिची चीजवस्तू बरोबर आण. नाही आलास, तर मी स्वतः म्बिन-न्दोंगला येऊन तुझ्या खाटेवर आडवा होईन आणि मान्सून संपेपर्यंत उठणार नाही. घोरतो मीही.

तुझा मालक,
अन्सुमाना सांबू


सँ-लुई
२७ एप्रिल

मामा, माझ्या मामा,

कोणत्या तोंडाने लिहू? काल चहाच्या वेळी जोला पोरं खिदळत होती, तेव्हा कळलं त्या गाढवाने तुला काय लिहिलंय ते. मामीचं घोरणं, मामीचा भात! हे सगळं मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं, मामीची आठवण येऊन, हसत हसत. त्याने ते उचलून तुझ्याच अंगावर फेकलं. मला रात्री जेवण गेलं नाही.

मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून तू मला 'तेनिंगबाई' म्हणायचं आणि मी तुला 'श्री. सांबू'. याहून मोठी शिक्षा मला सुचली नाही. त्याचा चेहराच उतरला.

तुझं नाव जाहिरातीवरून खोडलंय. आमच्यातला एक पोरगा म्हातारा व्हायला तयार झालाय, कापूस आणलाय. तू काही मनाला लावून घेऊ नकोस. नुसतं 'पत्र पोचलं' एवढं लिही. एक ओळ पुरे. शिवी नसली तरी चालेल.

तेनिंग


सँ-लुई
१२ मे

प्रिय आई,

तुझ्या भावाने दोन आठवडे मला एक ओळ लिहिली नाही. मी इथे झुरून अर्धी झाले. मनात म्हटलं, संपलं, आपणच मामाला गमावलं. आणि शनिवारी सकाळी आम्ही त्या पोराला कापसाची दाढी लावत होतो, तर मागून आवाज आला, 'काय गं, मेंढी सजवताय का कुठल्या सणाची?'

आई, मामा! धुळीने पांढरा, बगलेत गाठोडं. डाकारहून येताना अख्खा रस्ता टॅक्सीवाल्याला गाडी कशी चालवावी ते शिकवत आला. टॅक्सीवाला त्याला सोडून हात जोडून पळाला म्हणे. मी गळ्यात पडले, माफी मागायला लागले, तर म्हणाला, 'सरक बाजूला. मालक कुठाय माझा?' बाकी काही बोलायला तयार नाही. मला वाटलं, हा आता अन्सूला, त्या सांबूला, धुणार.

दुपारी मैदान गच्च भरलं होतं. अन्सू डोक्यावर भोपळ्याची तुंबी उपडी घालून न्यायाधीश झाला होता. त्याने आरोप वाचला, पळालेला गुलाम, चोरलेली बाजरी, वगैरे. मामा उभा. गाठोडं छातीशी धरून. अन्सूने परत विचारलं. मामा गाठोड्याची गाठ चाचपत राहिला. ढोलवालेसुद्धा थांबले. आई, मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

मग मामाने गाठोडं सोडलं. आत मामीचं ते निळं लुगडं होतं आणि डोक्याचा रुमाल. म्हणाला, 'भातखाऊंच्या राजा, माझा खटला मागाहून चालव. आधी बायकोचा. पोलीसचौकीवरून रिकामी टॅक्सी जाते ना, तशी गेली ती. कुठे चाललीस म्हणून कुणी हातसुद्धा दाखवला नाही. तिला अडवा.'

अन्सूने तुंबी काढली. लुगडं नेसला, रुमाल बांधला आणि मामीसारखा चालायला लागला. सगळे हसले, मामा सोडून. मामा ओरडला, 'अरे ती डावीकडे कलून चालायची! डावीकडे! जोलांना डावं-उजवं कुणी शिकवलं नाही का?' अन्सू डावीकडे कलला. 'आणि पदर असा तोंडात धरायची, राग आला की!' त्याने पदर तोंडात धरला. आई, एक क्षण मामीच आली गं समोर! मग तो आडवा पडला आणि असा घोरला की पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांनी माना वळवल्या. दोघांनी त्याला उचलायचं नाटक केलं, तर सगळ्या जोला पोरी धावल्या आणि आडव्या पडल्या. 'नेऊ देणार नाही! आमची आहे! दोन शेळ्या टाक आधी!' मामा घासाघीस करायला लागला. 'दोन शेळ्या? ती जिवंत असताना एवढी किंमत कुणी केली नव्हती!' शेवटी एका कोंबड्यावर मिटलं.

तोवर मामा हसत होता. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग ते पाणी थांबेना. तिथेच मातीत बसला आणि मोठ्याने रडला, 'दिबोर, दिबोर' करत, लहान पोरासारखा. मीही रडले. जोला पोरी पण रडत होत्या आणि रडता रडता त्याला शिव्या देत होत्या, 'रड गुलामा, रड, बायको सांभाळता आली नाही तुला!' आणि तो मान हलवत म्हणत होता, 'हो, हो.' कुणीही त्याला 'उगी' म्हटलं नाही.

नंतर त्याचा खटला चालला. आई, काय सांगू! त्याने त्यांची सालं काढली. साक्षीदार पळाले. शेवटी तो दोषी ठरला आणि शिक्षा झाली, जोलांच्या हातचा तीन थाळ्या भात. त्याने चौथी मागून घेतली.

मी मामाला जपत होते असं मला वाटत होतं. आपण सगळे जपत होतो. त्याच्याभोवती एवढी कुजबुज करून ठेवली होती आपण, की बिचाऱ्याला रडायलाही जागा उरली नव्हती. हे कळायला मला एक भातखाऊ लागला, याची लाज वाटते. थोडी.

मामा दोन दिवस मुलांच्या वसतिगृहात आहे. सगळ्या मजल्याला सकाळी शिव्या देऊन उठवतो, आणि पोरं परीक्षेपर्यंत राहा म्हणून त्याच्या मागे लागलीत. आणि त्या सांबूशी मी बोलायला लागले. संध्याकाळी तो 'तेनिंगबाई, लुगडं धुऊन आणलंय' म्हणत आला. मी म्हटलं, 'दे इकडे, गाढवा.' त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला दुसरीकडे बघावं लागलं. यावर तू आत्ताच काही विचारू नकोस.

तुझी तेनिंग


म्बिन-न्दोंग
२३ मे

ए शेंगांच्या पोत्या,

सुखरूप पोचलो. तुझ्या विद्यापीठाने मला शेवटच्या दिवशी गाडी करून दिली, तिचा ड्रायव्हर असा नवशिका की मी फातिकपर्यंत डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. तुमचा सप्ताह बरा होता. ढोल ढिले होते, कुस्त्या म्हणजे गळाभेटी होत्या, आणि मासे-भातात मासा मला कुठे दिसला नाही. पुढच्या वर्षी मी येऊन सगळं नीट लावून देईन.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी विहिरीवर गेलो. बाया गप्प झाल्या. मी म्हटलं, 'का गं, तुमच्या जिभा गाढवाने खाल्ल्या? दिबोर मेली, मी मेलो नाही अजून.' मग ती म्हातारी याँदे म्हणाली, 'तू मेला असतास तर गावाला झोप तरी लागली असती.' पोरी, मी पाणी न भरताच परत आलो, इतकं बरं वाटलं.

त्या सांबूबद्दल. तू आईला काही विचारू नकोस म्हणून लिहिलंस, आणि तिने ते पत्र तसंच्या तसं मला धाडलं. मी मामा आहे, मला विचारावंच लागेल. पोरगा भातखाऊ आहे, उद्धट आहे, घोरतो, आणि लुगडं नेसायला त्याला तुझ्यापेक्षा चांगलं जमतं. अशा माणसाला आमची पोर द्यायची म्हणजे गुलामाच्या घरी गुलाम. माझा साफ नकार आहे. त्याला सांग, इथे येऊन माझ्याशी भांड, मग बघू. आणि लवकर ये म्हणावं, पावसाआधी.

जास्त लिहायला वेळ नाही. आत्ताच फातिकहून निरोप आला. तिथे एक जोला शिंपी आहे, मी त्याला ओळखतही नाही. त्याची आई गेली. पोरं, सुना, नातवंडं म्हणे पहाटेपासून माना खाली घालून बसली आहेत, शेजारीपाजारी पायांचा आवाज न करता येतात नि जातात, आणि सगळ्या मोहल्ल्यात सेरेर माणूस एक नाही. दुपारी पुरणार आहेत. मी टोपी घातली आहे, टॅक्सी दारात उभी आहे. खड्ड्यात आधी मी उतरणार, आणि एक शेळी कबूल करून घेतल्याशिवाय वर येणार नाही. नव्वदी ओलांडलेली बाई, पन्नास माणसांना जेवू घालून गेलेली. तिला अशी सुखासुखी जाऊ देतो की काय मी!

तुझा मामा
जोकेल